आमचं काही अडत नाही

पाँत हेलिगचं स्टेशन लंडनच्या साहेबांनी बंद केलं, असं आमच्या या डोंगरातल्या गावात अजून सांगतात. साफ खोटं! साहेबांनी विचारायला माणूस पाठवला होता आणि अख्खं गाव मूग गिळून बसलं होतं.

ते स्टेशन माझ्या बहिणीनं, एलिनेदनं, एकटीनं चालवलं. लढाईत पुरुष गेले म्हणून तिला हंगामी पोर्टर ठेवलं, ती तिथलीच झाली. तिकिटं द्यायची, दिवे पुसायचे, फाटक लावायचं, बाजाराच्या दिवशी कोकरं डब्यात ढकलायची, सगळं तीच. ही लाइन आमच्या आज्यांनी खडक फोडून आणलेली. पाटीच्या दगडाच्या खाणी बंद पडल्या तशी मालगाडी गेली. उरले माणसांचे दोन डबे, सकाळी खाली किनाऱ्याकडे जायचे, संध्याकाळी वर यायचे.

शेजारच्या हवेलचं सगळं त्या दोन डब्यांवर होतं. त्याची बायको केनवेन छातीच्या दुखण्यानं किनाऱ्यावरच्या इस्पितळात पडून होती. दर शनिवारी हा रुमालात अंडी बांधून तिला भेटायला जायचा. माणसांना न्यायला दुसरं वाहन नव्हतं.

लंडनच्या साहेबांनी लाइन बंद करायचं काढलं, तेव्हा ती वाचवायची एकच वाट होती. गाडीवाचून ज्याचे हाल होतील त्यानं सुनावणीत उभं राहून तसं सांगायचं. बाकी काही ते ऐकून घेणार नव्हते. रेल्वेच्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना तिथं बोलायची बंदी, म्हणून एलिनेद दारोदार फिरली.

"हवेल, तू बोल बाबा. तुझ्याइतकं कुणाचंच अडलेलं नाही."

"बोलतो की! त्यात काय!"

चॅपलच्या मागच्या खोलीत गाव जमलं, तेही रविवारचे ठेवणीतले कपडे घालून. हाल सांगायला आलेली माणसं ही! लंडनहून आलेल्या साहेबानं विचारलं, "गाडी बंद झाली तर कुणाचे हाल होतील?"

आमच्याकडे चारचौघांत हाल सांगणं म्हणजे भीक मागणं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. एलिनेदनं हवेलला मागून ढोसलं. तो उठला, टोपी काढली आणि आधी शेजाऱ्यांकडे पाहिलं.

"आमचं काही अडत नाही, साहेब. भागवून घेऊ."

आणि लोकांनी शाबास म्हणावं तशा माना डोलावल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शरदात गाडी थांबली, एलिनेदची नोकरी गेली. हवेल दोनदा डोंगर उतरून पायी इस्पितळात गेला, मग बर्फ पडलं आणि तेही संपलं. एलिनेदनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, पण फेब्रुवारीत दुधाच्या लॉरीवाल्याला विनवून, त्याच्या शेजारी बसून तीच केनवेनला बघून आली. आली ती फणफणतच.

"तिनं विचारलं, सभेत हवेल काय म्हणाला? मी सांगून टाकलं."

"मग? रडली?"

"रडते कसली! उशीला टेकून ताठ बसली. म्हणे, 'बरं बोलला गं. घरची गाऱ्हाणी परक्यापुढं कशाला?' यांच्यासाठी मी उंबरे झिजवले!" असं म्हणून एलिनेद टेबलावर डोकं ठेवून रागानं रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

केनवेन मार्चमध्ये गेली. जवळ कुणी नव्हतं. नर्सला बोलवायची घंटा उशाशीच होती, पण तिनं ती वाजवली नाही.