बर्फ पाहिलेला माणूस

“शिसारी येती बघा,” असं म्हटल्याशिवाय भाऊंचं बोलणं सुरूच व्हायचं नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या आमच्या औंढे गावाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. धुकं बघायला आलेली माणसं काचा लावून, एसी चालू ठेवून आत तासभर बसतात. तुम्हीही पाहिली असतील. भाऊ काचेवर टकटक करून सांगायचे, “इंजिन बंद करा. धुकं फुकट हाय.” काच पुन्हा वर गेली की कडेला थुंकायचे. मग आपणच थुंकल्याचा राग येऊन पायाने त्यावर माती लोटायचे.

ते देहूरोडच्या लष्करी डेपोत गाड्यांचे मेकॅनिक होते. नोकरीत असताना त्यांना दोनदा अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर पाठवलं होतं, बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायला. निवृत्त झाल्यावर ते गावी भात लावू लागले. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून एकदा त्यांना वर्गात बोलावलं.

मुलांना पेंग्विन हवे होते. भाऊंनी पेंग्विनांच्या विष्ठेचा वास इतका साग्रसंगीत सांगितला, की दोघींनी डबाच खाल्ला नाही. मग ते गंभीर झाले. पहिल्या खेपेला उन्हाळ्यात बर्फावर नुसती ओल दिसायची. काही वर्षांनी दुसऱ्या खेपेला त्याच वाटेवर ओढा वाहत होता आणि त्यांची गाडी त्यात रुतली. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, तो गेला की खालचं काळं पाणी ऊन पिऊन घेतं आणि आणखी बर्फ वितळतो, हे त्यांनी खडूने काढून दाखवलं. जमिनीवरचा बर्फ वितळला की त्याचं पाणी साऱ्या समुद्रांत वाटलं जातं, हेही सांगितलं.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, समुद्र काही घाट चढून येणार नाही, मग आपल्याला काय?

“समुद्र न्हाई येणार, बाळ,” भाऊ म्हणाले. “पर तुझा पाऊस त्याच समुद्रातनं येतो. समुद्र तापला की पावसाचं डोकं फिरतं.”

पुढच्या उन्हाळ्यात गावाबाहेर, डोंगराचा उतार कापून एक बर्फघर उभं राहिलं. बाहेर अंगाची लाही होत असताना आत बर्फात खेळायचं. मालकाला उद्घाटनाला अंटार्क्टिकाला गेलेला माणूस हवा होता. त्याने मला गाठलं आणि शाळेच्या सगळ्या मुलांना फुकट प्रवेश देऊ केला. मी भाऊंच्या मागे लागले. ते दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा, मुलांसाठी या म्हटल्यावर आले.

दारात रबरी पांढरं अस्वल आणि रबरी पेंग्विन गळ्यात गळे घालून उभे होते. एक उत्तरेचं, एक दक्षिणेचा, जल्मात भेटायचे न्हाईत, असं पुटपुटत भाऊ सरळ इमारतीमागे गेले. मेकॅनिकची सवय. तिथे मोठाली यंत्रं आतली उष्णता बाहेर ओकत होती. जनरेटरच्या धुराने शेजारचं जांभळीचं झाड काळवंडलं होतं. तेलाचा तवंग असलेलं पाणी, भाऊंच्या खाचरांकडे जाणाऱ्या ओढ्यात पडत होतं.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात कात्री आणि माइक देण्यात आला.

“तितं आमी आमचा कचरा डब्यात भरून जहाजानं माघारी आणायचो,” ते म्हणाले. “हितं जे चाललंय, ते बघून मला शिसारी येती.” कात्री तबकात ठेवून ते घरी चालत गेले.

लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या. मालकाने स्वतःच फीत कापली. आणि मी? मी मुलांना रांगेने आत नेलं. दुसऱ्याच्या घामाचा वास मारणारं भाड्याचं जाकीट घातलं, फोटोही काढले.

आठवड्याने भाऊ रस्त्यात भेटले. मजा आली का, म्हणून त्यांनी विचारलं. खोटं बोलवेना. मी हो म्हणाले.

“यायचीच,” ते म्हणाले. “त्येच तर वाईट हाय, बाई.”

भाऊ त्यानंतरच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. बर्फघर जोरात चालू आहे. मुलांना पुन्हा नेण्याचं मी बंद केलं, एवढंच माझ्या हातून झालं. मला आठवते ती त्यांची शेवटची सुगी. कापलेलं इंद्रायणी भात वाळायला पसरलेलं होतं आणि पावसाळा सरलेला असूनही चार दिवस पाऊस उघडला नाही. मी बांधावर गेले तेव्हा भाऊ आणि वहिनी चिखलात वाकून पेंढ्या उचलत होते. दाण्यांना हिरवे-पांढरे मोड फुटले होते आणि साऱ्या खाचराला आंबूस, कुजका वास सुटला होता. मी पदर नाकाला लावला.

भाऊंनी एक निथळती पेंढी माझ्या हातात दिली.

“नाक धरू नका, बाई,” ते म्हणाले. “हुंगा.”