ट्रान्सफॉर्मरचा ताप

आपा बंद मशीनला आधी मनगट लावायच्या, लेकराचं कपाळ पाहावं तसं. मग म्हणायच्या, "याले ताप हाये, बाई."

मुलांनो, तुमच्या आजोबांचा श्वास तेव्हा ऑक्सिजनच्या मशीनवर होता. त्या मशीनचा पॉवर सप्लाय तापून दर दोन तासांनी बंद पडे. मग सिलिंडर लावायचा, आणि तो फार वेळ पुरत नसे. नवा भाग यायला महिना लागणार होता. आमच्या अमरावतीच्या मेकॅनिकनं आतला ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळून दिला, तरी तेच. शेवटी शेजाऱ्यांना आजोबांजवळ बसवून मी एस.टी.नं अकोल्याला आपांकडे गेले, पॉवर सप्लायचा डबा मांडीवर घेऊन.

आपा घरातच वाइंडिंग, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायचं काम, करायच्या. त्यांनी टेप सोडली.

"एवढी जाड तार कोनं टाकली?"

"मीच सांगितली. मजबूत राहील म्हणून. मी फिजिक्स शिकवायचे."

"मंग तं तुमाले माहीतच असन. यातला करंट इतक्या झपाट्यानं उलटते का तारेच्या वरवरूनच जाते. आतलं तांबं नुसतं बसून राह्यते."

हे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे.

त्यांनी सात बारीक तारांना पीळ दिला. पहिल्या वाइंडिंगचे अर्धे वेढे खाली, मधे दुसरं वाइंडिंग, वर पहिल्याचे उरलेले अर्धे. "सारं एक गुंडाळून मंग दुसरं घेतलं, तं दोघं दूर पडतात. जवळ झोपवा, ताप येत नाही."

मी मधेच विचारलं, "अजून किती वेळ?"

वेढ्यांची मोजणी चुकली. आपांनी अख्खा थर उलगडला, पुन्हा गुंडाळला, टेप लावली आणि मग म्हणाल्या, "हं, आता बोला. काय म्हनत होत्या?"

"काही नाही."

त्या संध्याकाळपासून मशीन थांबलं नाही. आपा लेकीकडे अमरावतीला आल्या की आमच्याकडे डोकावत. मशीनच्या डब्याला मनगट लावून आजोबांना म्हणत, "साहेब, तुमच्याहून हे ठणठणीत हाये." आजोबा हसत, मग बराच वेळ खोकत.

चार वर्षांनी एका सकाळी आजोबा गेले. मशीन चालूच होतं. मी ते बंद केलं, डब्याला मनगट लावलं. कोमट. मग चादरीच्या घड्या केल्या.

तेराव्यानंतर आपांना कळवायला फोन केला. त्यांच्या मुलानं उचलला.

"अम्मी मागच्या महिन्यात गेली, बाई. मशीनले काही झालं काय?"

"नाही," मी म्हणाले. "मशीन चांगलं आहे."

आजोबांचं सांगायचं राहून गेलं.