आत्याबाई आणि शोरूमची काच

माझ्या सासूने माझ्या धंद्यातली पहिलीच मोठी काच खराब केली होती.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं आणि मी सकाळपासून हीच गोष्ट सगळ्यांना सांगत सुटलेय.
गेलेल्या माणसाचं चांगलं बोलावं म्हणतात. चांगलंच बोलणार आहे, जरा दम धरा.

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. भांडायचीसुद्धा आत्याबाई म्हणूनच.

गोंदियात काचा पुसायचं काम घ्यायला लागले तेव्हा नातेवाईक खूप हसले. "घरच्या खिडक्या पुसत नाही कोणी, अन् ही लोकाईच्या पुसाले चालली!"
आत्याबाई हसल्या नाहीत. पदर खोचून सोबत निघाल्या. मी बोलावलं नव्हतं, हे इथे नमूद करते.

काम होतं एका नव्या साडीच्या शोरूमचं. दर्शनी भागात भलीमोठी काच. तिच्यावर सिमेंटचे शिंतोडे, पेंटचे थेंब, स्टिकरचा गोंद.
दुसऱ्या दिवशी उद्घाटन.

मी पाणी आणायला मागे गेले.
तेवढ्यात आत्याबाईंनी शेजारच्या चहावाल्याच्या चुलीतली राखड वाटीत घेतली आणि घरची पितळी भांडी घासावीत तशी काच घासून काढली.

मी आले तर चेहरा असा खुललेला!
"पाह्य वो, कशी लखलखून राहिली!"

ओली होती तोवर खरंच लखलखत होती.
मग वाळली. तिरपं ऊन पडलं. आणि सगळ्या काचेवर बारीक बारीक चरे दिसायला लागले.

गोंदियाचा बाजार तो केवढा! एका शेठने दुसऱ्याला सांगितलं, की संपलंच माझं काम. धंदा सुरू व्हायच्या आधीच बंद.
मी तिथेच फुटपाथवर बसून रडले.

आत्याबाई मात्र सरळ आत शेठजींसमोर जाऊन उभ्या.
"काच मी घासली. माह्या सुनेनं नाई. तिले काई बोलू नका."

शेठजी बाहेर आले. काच बघितली. "अम्माजी, ये क्या कर दिया आपने?"

"बिघडवली. दुसरी लावाल तवा हिलेच बोलवा. मी हात नाई लावत."

शेठजी भडकले होते, पण या उत्तरावर त्यांना हसूच आलं. त्यांनी त्या काचेवर साडी नेसलेल्या बाईचं पोस्टर चिकटवलं आणि उद्घाटन उरकलं. पुढे नवी काच बसवली तेव्हा खरंच मला बोलावलं. मोठ्या मनाचा माणूस.

त्या दिवसापासून आत्याबाई घरातच बसल्या. कुठे येईनात, नीट जेवेनात. मला वाईट वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटत होतं.

मग एका दुपारी बघते तर अंगणात जुन्या खिडकीची काच मांडीवर घेऊन बसलेल्या. बाजूला राखड, मीठ, विटेचा भुगा, तारेची घासणी, कोरडं फडकं, काचेवरचे डाग खरवडायची माझी पत्ती. एकेक घ्यायचं, काचेच्या एकेका भागावर घासायचं, धुवायचं, उन्हात तिरपी धरून बघायचं.

"हे काय करून राहिल्या?"

"खराब करून राहिली. कायनं होते, थे त समजू दे."

मी शेजारी बसले.
त्या दिवशी आम्ही दोघींनी एक अख्खी काच वाया घालवली. आयुष्यात सासूसोबत इतका चांगला वेळ कधी गेला नव्हता.

आमचं सगळं काम त्या एका काचेतून आलं. आधी नुसतं पाणी सोडायचं, हात लावायचा नाही. मग साबणाच्या पाण्यात बोटं बुडवून कोपऱ्यावर फिरवायची. कण लागला की पुन्हा पाणी. पत्ती ओल्यावरच, आणि एकाच दिशेने. तिचा जरा जरी कर्र आवाज आला की थांबायचं, मालक कितीही घाई करो.

गोंदियात हे लागतंच. राइस मिलची काळी राख तुमच्या आमच्या सगळ्यांच्या गच्चीवर पडते. तीच काचेवर बसते. वरून कोरडं फडकं फिरवलं की चरा पडलाच समजा.

कोपऱ्यावर बोट फिरवायचं काम आत्याबाईंचं. त्यांनी "हं" म्हटल्याशिवाय आमची कल्पना शिडीवर चढायची नाही. कल्पना म्हणजे माझ्यासोबत काम करणारी मैत्रीण.

त्या गेल्या आणि मी मिलजवळची कामं घेणंच सोडलं. धीरच होईना. माझ्या बोटांवर माझा भरवसा नव्हता.

परवा मिलच्या बाजूला नवीन झालेल्या हॉस्पिटलमधून फोन आला. मी नाही म्हटलं. कल्पना शेजारीच होती. भडकली.

"ताई, म्हातारीनं तुले शिकवलं कायले मंग? घरी बसाले?"

बोलणं झोंबलं. फोन परत लावला.

आज सकाळी गेलो. काचेवर राखेचा थर. पाणी सोडलं. कोपऱ्यावर बोट फिरवलं, कण लागले. पुन्हा पाणी. पुन्हा बोट. तिसऱ्यांदा बोट सरकन गेलं.
मी कल्पनाला चढ म्हटलं.

दुपारी ऊन तिरपं झालं. आम्ही दोघी बाजूला उभ्या राहून काच वरपासून खालपर्यंत बघितली.
एक चरा नाही.

मॅनेजर म्हणाले, "दर महिन्याला जमेल का?"

मी लगेच हो म्हटलं. कुणाला विचारायला मागे वळून बघितलं नाही.

मग गाडीवर बसल्यावर ते लक्षात आलं, आणि हसता हसता रडले.

आत्याबाई, काळजी करू नका. जमून राहिलं आम्हाला.
मनापासून जयभीम.