घाटावरचे सगळे काकाजी

ऐकलेलं मीठमसाला लावून पुढे सांगणारी माणसं जबलपुरात हवी तेवढी सापडतील. पण ऐकलेलं प्रत्येक वाक्य, ते बोलणाऱ्या माणसाला दाव्यानं बांधून ठेवणारा माणूस या अख्ख्या शहरात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण दीक्षितपुऱ्यात त्यांच्या घरी दिली आहे. बायको म्हणते म्हणून मीही त्यांना भाऊजी म्हणतो. ते मला शेठ म्हणतात. अधारतालच्या रस्त्यावर माझं पंखे-मिक्सरचं दुकान आहे. ते मी कोणाच्याही मदतीशिवाय उभं केलं, हे मी गिऱ्हाइकानं न विचारताच सांगतो. भाऊजींनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पंख्याचा भाव विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं, "याले आधार काय, शेठ?"

हा आधार त्यांना जेवतानाही लागतो. आमच्याकडे वरणात मीठ कमी पडलं तर भाऊजी नुसतं "मीठ कमी आहे" म्हणत नाहीत. "मीठ कमी आहे, हे माझं मत. तुझ्या ताईचंही तेच मत आहे, पण ते तिनं मले आत्ता कानात सांगितलं," असं ते माझ्या बायकोला सगळ्यांदेखत ऐकवतात. मग त्यांची बायको त्यांच्याशी दोन दिवस बोलत नाही आणि माझी बायको माझ्याशी. एका लग्नात मागच्या रांगेतल्या बायका नवऱ्या मुलाच्या आधीच्या फसलेल्या सोयरिकीबद्दल रंगून बोलत होत्या. भाऊजी खुर्ची उलटी फिरवून बसले. "हे तुम्हांले कोणी सांगितलं? तिले कोणी? तेव्हा आणखी कोण होतं?" त्या बायका एकमेकींकडे पाहत गप्प झाल्या आणि पंगत बसेपर्यंत गप्पच राहिल्या. इतकं शांत लग्न मी आजवर पाहिलेलं नाही.

असा माणूस फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसता तर नवल. भाऊजींनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या घासाघिशीच्या भाषेचा: मराठी यात्रेकरू आणि तिथले फुलवाले, नावाडी, पूजा सांगणारे पंडे एकमेकांशी भाव कसे करतात. प्रबंध हिंदीत, टिपणं मराठीत आणि घरातली भांडणं दोन्ही भाषांत, अशी पाच वर्षं गेली. घरी वीज जाते म्हणून ते माझ्या दुकानात येऊन बसू लागले. काउंटरचा पंख्याखालचा कोपरा त्यांनी घेतला आणि मी गिऱ्हाइकाला मिक्सर दाखवायला स्टुलावर उभा राहू लागलो.

लॅपटॉप मीच भाव करून आणला होता. त्यातलं सॉफ्टवेअर भाऊजींनी स्वतः शिकून घेतलं आणि मग मला शिकवलं, मला नको असताना. एका बाजूला टिपणं, दुसऱ्या बाजूला संदर्भांचा साठा. प्रत्येक टिपणाखाली एक दुवा. त्यावर क्लिक केलं की ते बोलणाऱ्या माणसाची नोंद उघडते: आडनाव, नाव, ठिकाण, साल. नोंदीत एक दुरुस्ती केली की प्रबंधात जिथं जिथं तो माणूस आला असेल तिथं ती आपोआप होते. मी म्हटलं, "गोदामासारखंच आहे, भाऊजी. माल इथं, चिठ्ठी तिथं." भाऊजींनी हे माझं वाक्य टिपून घेतलं. दुवा मात्र दिला नाही.

इथं माझ्या रागाचं मूळ आहे, तेव्हा सांगूनच टाकतो. मी विशीत घाटावर नारळ विकत होतो. समोरच्यानं पहिला भाव सांगितला की हसायचं कसं, उठून चालू लागायचं कधी, मागून हाक आली तरी लगेच वळायचं का नाही, हे सगळं भाऊजींना मी सांगितलं. दुसरं आणि चौथं प्रकरण म्हणजे जवळजवळ मीच. पण संदर्भांत माझं नाव नाही. मी विचारलं, "माझं नाव काहून नाही?"

"घरच्या माणसाचं नाव घालत असतेत का? उद्या आभार मान म्हणशील. परका आहेस का तू?"

"होतो न परका! करा मले परका, पण नाव घाला!"

मी इतक्या जोरात ओरडलो की समोरचं गिऱ्हाईक मिक्सर खाली ठेवून निघून गेलं. भाऊजींनी तेही टिपून घेतलं.

मग तो घोटाळा झाला. सॉफ्टवेअर आधी आडनाव मागतं. भाऊजींना वाटे, ज्या म्हाताऱ्यानं आपल्याला नावेत बसवून चहा पाजला त्याला नुसत्या आडनावानं लिहायचं, ही काय रीत झाली? थोरामोठ्यांचं नाव आपण तोंडावर घेत नाही, तर कागदावर कसं घ्यावं? शिवाय पाच वर्षांत त्यांनी घाटावर कोणाचं नाव विचारलंच नव्हतं. ज्याला त्याला काकाजी, भैया, दीदी म्हणून काम भागत होतं. म्हणून त्यांनी आडनावाच्या रकान्यात तेच भरलं. नावाडी काकाजी, पंडा काकाजी, चहावाला काकाजी. एक दिवस सॉफ्टवेअरनंच विचारलं, या नोंदी सारख्या दिसतात, एकत्र करू? भाऊजींना त्याची ही तत्परता आवडली. त्यांनी हो म्हटलं. काउंटरपलीकडून मीही म्हटलं, "अच्छा आहे न, पसारा कमी होते."

मॅडमनी, म्हणजे भाऊजींच्या मार्गदर्शक बाईंनी, प्रबंधाचा मसुदा वाचून आम्हांला बोलावलं. आम्हांला म्हणजे भाऊजींना. मी स्कूटर चालवायला गेलो होतो. मॅडम भाऊजींच्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "अंकल, ये काकाजी कौन हैं? तीसरे चैप्टर में इनकी शादी नहीं हुई, पाँचवें में चार लड़कियाँ हैं। सुबह नाव चलाते हैं, सुबह ही पूजा कराते हैं, और उसी समय चाय भी बेचते हैं!"

मी हसलो. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्कूटरची किल्ली तपासू लागलो. मॅडमनी ताकीद दिली: महिनाअखेरीस शेवटची मुदत, पुन्हा वाढवून मिळणार नाही. खरी नावं आणा, प्रत्येक टिपण ज्याचं त्याला जोडा. ज्याचं नाव मिळणार नाही, त्याची टिपणं काढून टाका.

मग आम्ही रोज सकाळी घाटावर. भाऊजींना नाव विचारायची लाज वाटे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी भाव करायच्या सुरात नाव विचारी आणि सगळे बिचकत. नावाडी म्हणाला, "काए बड्डे, नाम काए पूछ रए? टैक्स वाले हो का?" बड्डे म्हणजे आमच्याकडचा थोरला भाऊ. पंड्यानं आधी माझं गोत्र विचारलं, मग माझ्या आजोबांचं गाव, मग स्वतःचं नाव सांगितलं. एकेक करून काकाजी सुटे झाले, भाऊजींनी एकेक दुवा नव्यानं बांधला, आणि चार मुली त्यांच्या खऱ्या बापाकडे परत गेल्या.

राहिली ती दीदी. पायऱ्यांच्या कडेला झेंडूची टोपली घेऊन बसणारी. सहावं प्रकरण, भाऊजींचं सगळ्यात चांगलं, सगळं तिचंच होतं: गिऱ्हाईक रडत आलेलं असेल तर भाव सांगायचाच नाही, मुलगा झाला म्हणून आलेलं असेल तर दुप्पट सांगायचा, असं तिचं शास्त्र. ती आदल्या थंडीत वारली होती. शेजारच्यांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं: "दीदी ही बोलते थे।" तिच्यामागं कोणी नव्हतं.

मॅडम ऐकून थोड्या नरमल्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ये भैया भी तो घाट पर बैठते थे। इन्हीं का नाम डाल दीजिए। चैप्टर बच जाएगा।"

आधाराशिवाय मीठसुद्धा कमी न म्हणणारा तो माणूस, पाच वर्षांचं काम मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुले काय वाटते, शेठ?"

मला काय वाटत होतं? माझं नाव, आडनाव आधी, अख्ख्या एका प्रकरणाखाली! पण मी घाटावर गेलो त्या पहिल्या दिवशी मला कोणी बसू देत नव्हतं. दीदीनं आपली टोपली गुडघ्यानं सरकवून माझ्या नारळांना जागा केली होती. दुकान कोणाच्या मदतीशिवाय उभं राहिलं असं मी सांगतो, तेव्हा एवढं मी सोडून देतो.

"नही चलेगा," मी मॅडमना म्हणालो. "वो उसका माल है।"

मग प्रकरण दीदीच्याच खाती राहावं म्हणून मी घासाघीस सुरू केली. आवाज चढवला. मॅडम मसुद्याची पानं चाळत राहिल्या. मी उठून दाराकडे निघालो. घाटावर अशा वेळी मागून हाक येते. मॅडमनी हाक मारली नाही. मी दाराशी बूट घालायला बराच वेळ लावला आणि शेवटी आपणहून परत येऊन बसलो. मग भाव करायचं सोडून टोपलीची गोष्ट सांगितली. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "ठीक है। प्रस्तावना में लिखिए, घाट पर नाम क्यों नहीं लेते। और 'फूलवाली दीदी' रहने दीजिए।"

भाऊजींना पदवी मिळाली. आता ते मुलाकडे पुण्याला असतात आणि पंख्याखालचा कोपरा मला परत मिळाला आहे. तिथं बसून करमत नाही, हा भाग वेगळा. प्रबंधात माझं नाव कुठंही नाही. फोनवर मी ते अजून काढतो. भाऊजी म्हणतात, "परका आहेस का?" आणि मी चिडून फोन ठेवतो.

परवा घाटावर गेलो होतो. दीदीच्या जागी एक मुलगी झेंडू घेऊन बसली आहे. सवयीनं भाव केला, ती जराही हटली नाही, सांगितले तेवढे पैसे दिले. मग नाव विचारलं.

"दीदी बोलो न भैया," ती हार बांधता बांधता म्हणाली, "सब दीदी ही बोलते हैं।"

मी उठलो नाही. तिथंच पायरीवर टेकलो आणि पुन्हा विचारलं.