दातांतला दोरा

टाचणीमावशीचा दुधावर विश्वास नव्हता. पिशवी फोडली की आधी वास, मग एक थेंब जिभेवर, मग भांड्यात. भाजीवाल्याच्या काट्यावरही नव्हता. घरी आल्यावर ती वांगी हातात तोलायची आणि "खाल्लं मेल्याने मापात" असं म्हटल्याशिवाय चिरायला घ्यायची नाही. नवरा गेला तेव्हा तिने डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं, "नीट बघितलंत ना?" तो बिचारा हयात असताना म्हणायचा, "तू देवाकडेसुद्धा पावती मागशील." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "मागेन की. सगळ्यात जुना दुकानदार तोच."

नाव मात्र तिला स्वभावावरून नव्हे, कामावरून पडलं होतं. टीव्हीच्या एका स्टुडिओत ती कपडेपट सांभाळायची. मापं घ्यायची, उसवायची, शिवायची, आणि सदा ओठांत टाचण्या धरून बोलायची. बोलणं टोचरं, त्यामुळे नाव दोन्हीकडून चपखल बसलं. इतकी वर्षं तिच्या शिलाईला कुणी नाव ठेवलं नव्हतं. यात लोकांचा चांगुलपणा नसून त्यांचं लक्षच नसतं, असा तिचा संशय होता.

त्या वर्षी स्टुडिओत लहान मुलांची स्पर्धा सुरू झाली, 'सुसाट टोळी'. तीन-तीन मुलांच्या आठ टोळ्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. आधी टायर लोळवत आणायचा, मग तिघांनी मिळून फळ्यांचा पूल रचायचा, मग टोळीच्या चालकाने बॅटरीवरची छोटी गाडी त्या पुलावरून काढून मैदानाला फेऱ्या मारायच्या. पूल कच्चा राहिला की गाडी आडवी, टोळी मागे. मुलांना अंगभर सूट हवे होते, कोपरा-गुडघ्यांवर जाड कापड लावलेले. ते सगळे टाचणीमावशीने शिवले.

आणि पिवळ्या टोळीची चालक होती तिची नात.

घरात तिला भिंगरी म्हणायचे. शाळेने तिची निवड केली तेव्हा स्पर्धा कुठल्या स्टुडिओत आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा भिंगरीचा शाळाभर डंका पिटून झाला होता. पालकांच्या सभेत मुलांचं सगळं बघणाऱ्या बाईंनी नियम वाचून दाखवले. या बाईंच्या गळ्यात शिट्टी आणि कानांवर हेडफोन, म्हणून त्यांना सगळे शिट्टीताई म्हणत. एक नियम असा होता की स्टुडिओत काम करणाऱ्यांच्या घरचं मूल स्पर्धेत चालणार नाही. कळलं तर टोळीच बाद. टाचणीमावशीची लेक तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधू लागली आणि जावई छताकडे बघू लागला.

"आई, तू काय स्टुडिओची मालकीण आहेस का?" लेक घरी आल्यावर म्हणाली. "कपडे शिवतेस. गाड्या नाही शिवत."

"पण नियम म्हणजे नियम."

"मग तूच सांग पोरीला, ये बाहेर म्हणून. मी नाही सांगणार."

टाचणीमावशीने ते काही केलं नाही. पोरीच्या डोळ्यांत गाडी फिरताना दिसत होती. मग ठरलं, की स्टुडिओत दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. ही तिला "ए पिवळे" म्हणणार, ती हिला "काकू".

भिंगरीने हे इतकं बेमालूम जमवलं की आजीला नवीनच काळजी लागली. बोळात समोरासमोर आली तरी पोरीची पापणी हलायची नाही. "काकू, स्वच्छतागृह कुठे आहे?" असं आदबीने विचारून पुढे जायची. 'इतकं साफ खोटं ही कुणाकडून शिकली?' आजी विचार करायची. जावयाकडून, असं तिने पक्कं केलं.

पण स्वतःच्या हातांचं काय करायचं? हात ओळख लपवत नाहीत. नातीचा सूट शिवायला घेतला की आपोआप टीप बारीक पडायची, खांदा अचूक बसायचा. सगळ्यांत सुबक सूट पिवळ्या चालकाचाच झाला तर कुणाच्या तरी नजरेत भरणार. विशेषतः थर्मासवालीच्या. ही हिरव्या चालकाची आई. दिवसभर थर्मास घेऊन सेटवर हिंडायची आणि गाड्यांच्या बॅटऱ्या भरणाऱ्याला चहा पाजायची. फुकटचा चहा कुणी कुणाला का पाजेल? हिरवी गाडी वळणावर जरा जास्तच जोर करते हे टाचणीमावशीने सरावाच्या वेळीच हेरलं होतं.

म्हणून तिने नातीचा सूट मुद्दाम ढगळ ठेवला. बाही बोटांपर्यंत, पाठीत पोकळ फुगा. शिवताना जीव तुटत होता, पण तिने हात आवरला.

आणि उपांत्य फेरीत तीच बाही गाडीच्या दांड्यात अडकली. गाडी मागे घ्यायला गेलेली भिंगरी तशीच हिसके देत बसली, आणि तेवढ्यात लाल गाडी पुढे निघून गेली. पिवळी टोळी दुसरी येऊन कशीबशी अंतिम फेरीत शिरली.

संध्याकाळी पोर जेवायलाच येईना.

"सगळ्यांचे सूट झकास. माझंच पोतं!"

"हळू बोल. भिंतीला कान असतात."

"भिंतीपलीकडे रस्ता आहे, आजी! ट्रकला ऐकू जाईल का?" "लाल टोळीतली पोरं मला बटाटा म्हणाली. पोत्यातला बटाटा."

आजीने ताट बाजूला सारलं. "तुझी बाही मी करते बरोबर," ती म्हणाली. "अंतिम फेरीआधी. माझ्यावर विश्वास ठेव."

"तू कधी कुणावर ठेवतेस?" भिंगरी म्हणाली आणि पाठ फिरवून झोपली.

सूट घरी न्यायची परवानगी नव्हती. ते बोळातल्या कपाटात, किल्ली शिट्टीताईंकडे. त्यामुळे जे काही करायचं ते अंतिम फेरीच्या सकाळीच. टाचणीमावशी स्टुडिओचं दार उघडायच्या आधीच हजर झाली. पण थर्मासवाली तिच्याही आधी. "काकू, माझ्या बाळाच्या कॉलरला जरा इस्त्री हवी होती," म्हणत कपडेपटात खुर्ची ओढून बसली ती हलेचना. तिच्यासमोर पिवळा सूट हातात घेणं म्हणजे चोराने पोलिसाला कंदील धरायला सांगण्यासारखं. शिट्टीताईंनी कपाट उघडून दिल्यावर टाचणीमावशीने हिरवा सूट आणून कॉलरला इस्त्री केली. मग पुन्हा केली. मग निळ्या टोळीची बटणं तपासली. 'ही इथे का बसलीय? हिला काय कळलंय?' थर्मासवाली चहा पीत बसली होती. एक पेला तिने टाचणीमावशीपुढेही केला. टाचणीमावशीने वास घेतला आणि "ॲसिडिटी आहे" म्हणून खाली ठेवला.

शेवटी मैदानावरून हाक आली आणि थर्मासवाली उठली. टाचणीमावशीने कपाटाकडे धाव घेतली, तर सूट केव्हाच वाटून झालेले. आणि कपडेपटाच्या दारात शिट्टीताई उभ्या, भिंगरीला दंडाला धरून.

"मावशी, हे काय? हिची बाही अजून लोंबतेय! मागच्या वेळी अडकली होती ना?"

"काढ गं पिवळे, दोन टाके घालते."

"काढायला वेळ कुठला? अंगावरच घाला."

अंगावरचा कपडा शिवायचा नाही, हा टाचणीमावशीचा कामावरचा नियम. टाचण्या लावायच्या, कपडा उतरवायचा आणि मग शिवायचा. चुळबुळ्या पोरांच्या अंगावर सुई चालवणं तिला मान्य नव्हतं. अंगावर ती शिवायची फक्त घरी. भिंगरी अडीच वर्षांची असल्यापासून. पोर एका जागी टिकत नसे आणि तोंड तर चालूच, तेव्हा आजीने युक्ती काढली होती. रिळाचा वीतभर दोरा तोडून तिच्या दातांत द्यायचा. "हा पडला तर सुई चुकते बरं!" दात मिटले की तोंड मिटायचं, तोंड मिटलं की पोर पुतळ्यासारखी उभी.

टाचणीमावशीने सुईत दोरा ओवला. बाही आत दुमडली. आणि तिचं डोकं वर यायच्या आत भिंगरीने टेबलावरचं रीळ उचललं, वीतभर दोरा तोडला, दातांत धरला आणि हात पुढे करून पुतळ्यासारखी उभी राहिली.

कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाही कळलं नव्हतं.

टाचणीमावशीच्या बोटात सुई घुसली. तिने हळूच बघितलं. शिट्टीताई पोरीच्या तोंडाकडे बघत होत्या. नंतर त्यांनी मावशीकडे बघितलं, आणि नंतर घड्याळाकडे.

"आटपा," एवढंच म्हणाल्या.

टाके पडले. दोरा दातांतून काढून भिंगरीने मुकाट्याने मावशीच्या तळव्यावर ठेवला, नेहमी घरी ठेवायची तसाच. दारातून बाहेर पडताना शिट्टीताई थबकल्या. "मावशी, शूटिंग संपल्यावर थांबा. काम आहे तुमच्याशी."

टाचणीमावशीने लेकीला फोन लावला. "कळलं तिला!"

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. तेच तर!"

"काही म्हणाली नाही म्हणजे काही कळलं नाही, आई. तू आता तोंड बंद ठेव. जाऊन खोदू नकोस."

पण काही न बोलणाऱ्या माणसाइतकी टाचणीमावशीला दुसरी कशाची भीती नव्हती. मैदानाच्या कडेला उभी राहून ती शर्यत सोडून शिट्टीताईंचेच ओठ वाचत होती. त्या हेडफोनमधून कुणाशी तरी बोलत होत्या. मध्येच पिवळ्या टोळीकडे बोट दाखवलं. झालं! आता शिट्टी वाजणार, पोरीला गाडीतून उतरवणार, सगळ्यांदेखत. तीन पोरं रडणार, आणि ही म्हातारी सुईसकट जमिनीत गडप होणार.

शिट्टी वाजली, पण शर्यत सुरू करायची. पिवळ्यांचा टायर पहिला आला. पूल रचताना टोळीतल्या चष्मेवाल्याने एक फळी उलटी ठेवली आणि ती सरळ करण्यात वेळ गेला. मग भिंगरीची गाडी पुलावरून अशी उतरली की मावशीने डोळेच मिटले. डोळे उघडले तेव्हा पिवळी गाडी हिरवीच्या मागे, मग शेजारी, मग पुन्हा किंचित मागे. बाही मनगटावर घट्ट बसलेली. निशाण पडलं. हिरवी पहिली, पिवळी दुसरी, एका चाकाने.

"बॅटरी!" टाचणीमावशी दात आवळून पुटपुटली. तेवढ्यात तिला दिसलं की चारी गाड्यांच्या बॅटऱ्या समोरच्या टेबलावर काढून मोजयंत्राला लावताहेत आणि काटा चारींचा सारखाच येतोय. 'यंत्रही त्यांचंच ना,' ती मनात म्हणाली. पण नेहमीसारखा जोर आला नाही. भिंगरी चष्मेवाल्याच्या गळ्यात हात टाकून हसत होती.

आवराआवर झाली. कपडेपटात टाचणीमावशीने सगळे सूट टांगले, टाचण्या डबीत भरल्या. नोकरी गेली तर डबी आपली की स्टुडिओची, याचा विचार करत असताना शिट्टीताई आल्या. हेडफोन मानेवर उतरवलेले.

"मावशी, जॅकेटचा खिसा उसवलाय. टाका घाला."

"द्या काढून."

"नको. अंगावरच घाला."

असं म्हणून शिट्टीताईंनी रीळ उचललं, वीतभर दोरा तोडला, दातांत धरला आणि पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या.

टाचणीमावशीने हातातली डबी खाली ठेवली. "कधी कळलं?"

शिट्टीताईंनी दोरा बोटावर गुंडाळला. "संशय पहिल्याच दिवशी आला. पाण्याची बाटली दिली तर पोरीने आधी वास घेतला. तुम्ही शेजारी उभ्या. तुम्हीही घेतलात. आता वासावरून कुणाला बाहेर काढणार? आज दोरा बघितला, तेव्हा खात्री झाली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणारच होते. नियम मीच वाचते ना? मैदानावर जाता जाता म्हटलं, आधी बघू तरी, नातीला काय जास्त दिलंय ते. हिरव्याला आतून मऊ अस्तर. निळीच्या कोपराला दुहेरी कापड. आणि तुमच्या नातीला?" त्या हसल्या. "पोतं! मावशी, तो नियम झुकत्या मापासाठी आहे. तुम्ही पोरीच्या मापात खाल्लंत, त्याला आमच्याकडे नियमच नाही."

टाचणीमावशीला भाजीवाला आठवला आणि तिची मान खाली गेली.

"पण पुढच्या वर्षी दोघींपैकी एकच," शिट्टीताई म्हणाल्या. "ती तरी, नाहीतर तुम्ही तरी. हे मी सोडणार नाही."

"तीच," टाचणीमावशी लगेच म्हणाली. मग सुईत दोरा ओवत, "तुम्ही हे नंतर वर कुणाला..."

"मावशी!"

"बरं, बरं. दोरा धरा."

शिट्टीताईंनी पुन्हा दोरा दातांत धरला. टाचणीमावशीने खिशाला टाके घातले, गाठ मारली आणि ओढून बघितलं. आणखी एकदा ओढून बघितलं.

दाराशी पावलं वाजली. भिंगरी, पिवळं हेल्मेट काखेत. तिने आजीकडे बघितलं, मग शिट्टीताईंच्या दातांतल्या दोऱ्याकडे. चेहऱ्यावरची रेष हलू न देता आदबीने म्हणाली, "काकू, माझी पाण्याची बाटली राहिलीय का इथे?"

शिट्टीताईंच्या तोंडातून दोरा पडला, इतक्या त्या हसल्या.

टाचणीमावशीने बाटली पुढे केली. भिंगरीने झाकण उघडलं, आधी वास घेतला आणि मगच तोंडाला लावली.