ब्येसबाईची पेशी

ब्येसबाईला कधीही, कुठेही, कसं आहे म्हणून विचारा, उत्तर एकच यायचं. "ब्येस हाय." एकदा नळावर घसरून पडली, कपाळाला खोक पडली, रक्त भुवईपर्यंत आलं. मी धावत जाऊन विचारलं तर म्हणते, "ब्येस हाय, बाई. तुमची घागर भरली, तेवढी बाजूला घ्या." दाढ काढून आली तेव्हा तोंडात कापूस कोंबलेला होता, तरी मान हलवून ब्येस असल्याचं कळवलंच. खरं नाव गयाबाई. पण नांदेडच्या आमच्या गल्लीत ते नाव फक्त तिच्या रेशनकार्डाला ठाऊक होतं.

गाव भोकरकडचं. लहानपणी पोलिओनं उजवा पाय वाळला, तो वाळलेलाच राहिला. चालताना दर पावलाला उजव्या हातानं मांडी दाबून धरावी लागे, नाहीतर गुडघा दगा द्यायचा. ते कुणाला दिसू नये म्हणून त्या हातात सदा एक कापडी पिशवी असायची. पिशवीत काही नसे. बघणाऱ्याला वाटावं, बाई बाजारातून जड काहीतरी घेऊन निघाली आहे, म्हणून जरा वाकली आहे. लग्न झालेलं नव्हतं. भाऊ-भावजयीकडे राहायची आणि गल्लीतल्या साड्यांना फॉल लावून द्यायची. टाका असा घालायची की उलट्या बाजूनंही दिसू नये.

ब्येस म्हणण्यामागे तिचं स्वतःचं शास्त्र होतं. ती म्हणायची, "इचारणारं मानूस काय आपलं दुखनं घिऊन जानार हाय का? आन् रडगानं गायलं की लोक पयल्यांदा ऐकत्यात, दुसऱ्यांदा रस्ता बदलत्यात." मला हे पटायचं नाही. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. साठीला टेकलेली, म्हणजे अगदी तरणीताठी, आणि जग सुधारायला मोकळी. हाताखाली वर्ग उरला नव्हता, म्हणून गल्ली धरली होती.

त्यात ब्येसबाईचं प्रकरण आलं. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या वर धरलं गेलं तर तिला महिन्याचा पगार सुरू होणार होता. आमच्याकडे सरकारी मदतीलाही पगारच म्हणतात. त्या पगारावर तिचा फार जीव होता. मी एकदा विचारलं, भाऊ नीट बघत नाही का गं? तर फॉलचा दोरा दातानं तोडत म्हणाली, "भावाच्या घरी काय बी कमी न्हाई. पर मागावं लागतंय." लातूरला तिची धाकटी बहीण होती, नवरा गेल्यापासून एकटीच. तिच्याकडे जायचं तरी बसच्या भाड्यापासून मागणं आलं, आणि मागितलं की कशाला, कधी, किती दिवस, हे आलंच.

पण तपासणीत तिचे टक्के चाळीसच्या आत भरले. मास्तरणीच्या हिशेबानं पस्तीसला पास. इथे मात्र ती नापास झाली, आणि तेही तब्येत उत्तम म्हणून. कसं झालं ते मी खोदून खोदून विचारलं. बाईसाहेब सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्चीवर बसल्या होत्या, म्हणजे चालताना कुणी बघायला नको. साडी इस्त्रीची, केसात अबोली, मांडीवर पिशवी. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे? आणि हिनं सांगितलं, ब्येस हाय.

मी लातूरला अपील करायला लावलं. मग सुरू झालं वाट बघणं. गल्लीत त्याला कुणी सुनावणी म्हणत नसे. शेतीच्या वादात जन्म गेलेली माणसं. त्यांच्या तोंडी पेशी. भाजीवाला विचारायचा, पेशी लागली का? तिची वैनी तर धुणं वाळत घालता घालता मोठ्यानं म्हणायची, "आमच्या आक्काची पेशी हाय म्हने लातूरला. कुनाचा मुडदा पाडला काय की." ब्येसबाईही हसायची. पण पोस्टमनची सायकल वळली की तिच्या हातातली सुई थांबायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर काही दिवसांनी ती पेशीसाठी ठेवलेली साडी ट्रंकेतून काढून घडी मोडून पुन्हा घालायची. एकाच घडीवर साडी चिरते म्हणून.

या मधल्या काळात मी तिची तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं. रोज दुपारी आमच्या ओसरीवर शिकवणी. मी आमच्या ह्यांचा जुना चष्मा लावून डॉक्टर व्हायची, हे वर्तमानपत्राआड बसून प्रेक्षक. मी आवाज जाड करून विचारायची, "जिना चढता येतो का?"

"येतो की."

"गयाबाई, येत नाही म्हणायचं."

"आता येतोय तर न्हाई कसं म्हनू? बसून बसून चढते, पर वरी तर जाते की न्हाई?"

"पाणी भरता येतं का?"

"भरतेच की. घागर सरकवीत सरकवीत."

वर्तमानपत्र हलायला लागायचं. मी चिडून चष्मा काढायची. वर्षानुवर्षं पोरांकडून पाढे घोटून घेतले, आणि एका बाईकडून 'जमत नाही' एवढे दोन शब्द घोटून घेता येईनात. एकदा फारच ताणलं तर ती हलकेच म्हणाली, "बाई, सगळं जमवू जमवूच हितवर आले. आता त्येच न्हाई म्हनायचं व्हय?" मी तेव्हा तिला हट्टी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट सराव घेतला. मी म्हणजे काय, खडू हातात असला की मला ऐकू येत नसे.

शेवटी पेशी लागली. उन्हाळा सुरू झाला होता. मी तिला जुनी साडी नेस म्हटलं. ती म्हणाली, सायबापुढं जायाचं आन् गबाळ्यावानी? नेसली तीच ट्रंकेतली. बसस्टँडवर नेहमीसारखं म्हणाली, "तुमी व्हा पुढं, जागा धरा." मी पदर खोचून पुढे घुसले आणि जागा धरली. लातूरपर्यंत खिडकीशी बसून तिच्याकडून उत्तरं म्हणवून घेतली. ती शहाण्या मुलीसारखी म्हणत होती. जमत न्हाई. येत न्हाई. दुखतंय. कंडक्टर दोनदा वळून बघून गेला.

तिथे बाकावर बसून दुपार झाली. तिची बोटं पिशवीच्या बंदाला पीळ घालत होती. एकदाच बोलली. "बाई, आज बी ऱ्हायलं तर वैनीला काय सांगायचं, त्ये सांगा." याचं उत्तर मी घोटून घेतलेलं नव्हतं.

नाव पुकारलं. मी बरोबर आत. समोरची डॉक्टर तरुण मुलगी होती. मान वर करून म्हणाली, "या मावशी. कशा आहात?"

ब्येसबाईनं माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं, पिशवी सावरली आणि म्हणाली, "ब्येस हाय."

मी कपाळावर हात मारला आणि पाठ केलेलं माझं भाषण सुरू केलं. 'सदर महिलेस' इथपर्यंत आले असेन. डॉक्टरनं शांतपणे विचारलं, "बाई, अपील तुमचं आहे का?" नाही म्हटलं. "मग जरा बाहेर बसता का?" वर्गाबाहेर काढणारी मी, आयुष्यात पहिल्यांदा वर्गाबाहेर गेले.

बसवेना म्हणून दाराशी कान देऊन वाकले, तर माझाच गुडघा अडकला. वर्षभर कुरकुरत होता, पण मी घरात चकार शब्द काढला नव्हता. सरळ होता येईना. शिपाई धावत आला, बाई, काय झालं, पाय दुखतो का? मी म्हणाले, "छे, काही नाही. मी अगदी ठीक आहे." शुद्ध भाषेत सांगितलं इतकंच, होतं ते ब्येसच.

आत काय झालं ते तिनं संध्याकाळी सांगितलं. डॉक्टर तिला म्हणाली होती, "मावशी, ब्येस हाय ते समजलं. आता कसं, ते सांगा. सकाळपासून इथवर कशा आलात?" आणि ही सुटली. उंबऱ्यावर आधी बसायचं, मग पाय हातानं उचलून बाहेर ठेवायचा. न्हाणीत कुठं धरायचं. बसची पायरी उंच, म्हणून पाठमोरं होऊन पायरीवर बसायचं, दांडा धरून मागं मागं सरकायचं. आणि लोकांनी बघू नये म्हणून ओळखीच्या माणसाला आधीच जागा धरायला पुढं धाडायचं. शेवटी डॉक्टर म्हणाली, पिशवी टेबलावर ठेवा आणि त्या भिंतीपर्यंत जाऊन या.

"ठिवली?" मी विचारलं.

"ठिवली. न्हाई कुटंच म्हनले न्हाई, बाई. आन् खोटं बी न्हाई बोलले. आजपतोर समदे येतंय का, एवढंच इचारून ऱ्हायले. कसं, त्ये कुनी इचारलंच न्हाई."

त्या 'समद्यां'त मी होते. परतीच्या बसशी ती थांबली, पण मला 'पुढं व्हा' म्हणाली नाही. मी मागे उभी राहिले आणि तिचं ते पाठमोरं चढणं पहिल्यांदा पाहिलं. मग मीही दांडा धरून, गुडघ्याला शिव्या देत चढले. ती वरून म्हणाली, "बसून या की." त्या दिवशी काही मी बसून चढले नाही. अजून तरणी होते ना.

निकाल आला. टक्के चाळीसच्या वर भरले. पहिल्या पगारात तिनं वैनीला बांगड्या भरल्या, आणि पुढच्या महिन्यात लातूरला बहिणीकडे गेली. विचारून नाही, सांगून गेली. चार दिवसांसाठी म्हणून गेली ती तिथेच राहिली. पिशवी तेवढी नेली. म्हणे, आता तीत खरंच काहीतरी ठेवायला लागले आहे.

फोन यायचा. मी कसं आहे विचारायची, ती ब्येस हाय म्हणायची, आणि जरा थांबून, "आता कसं, त्ये इचारा." मी विचारायची. मग ती सगळं सांगायची. कुठं दुखतं, रात्री कूस कशी वळते. आमचे हे गेल्यावर तिनं हीच गत माझी केली. मी बरी आहे म्हटलं की म्हणायची, "बरं. आता कसं, त्ये सांगा." एकटीचा चहा कसा करते, किती वेळा चुकून दोन कप काढते, हे मी पोटच्या पोरांना सांगितलं नाही, तिला सांगितलं.

मागच्या थंडीत तिच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेली म्हणाली. आदल्या रात्री कशी होती, मी विचारलं. बहीण रडत म्हणाली, "ब्येस हाय म्हनली हो."

परवा नात सुट्टीला आली. दारातूनच ओरडली, आजी, कशी आहेस? मी म्हणाले, "ब्येस हाय," आणि थांबले. ती चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली, लाडवांचा डबा कुठे आहे म्हणून. असू दे. सुट्टी मोठी आहे. दुसरा प्रश्न तिला अजून शिकवायचा आहे, आणि या वेळी घोटून घेणार नाही.