आईचे पाय आणि माझं संशोधन

माणसाचा पाय सकाळपेक्षा संध्याकाळी मोठा असतो. हे मला वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी कळलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात शांतता म्हणून उरली नाही.

निमित्त पचमढीच्या सहलीचं. आईला एकदा तरी चौरागडाच्या पायऱ्या चढून महादेवाला भेटायचं होतं. ती बहात्तरची, जन्मभर स्लिपर घालून वावरलेली. माझ्या बायकोचं, सुनीताचं म्हणणं पडलं की त्या घसरतील, त्यापेक्षा घरीच राहू द्या. आईचं तोंड एवढंसं झालं. मला ते बघवेना. असे बूट शोधीन की आई वर जाऊन येईल, असा मी शब्दच दिला! (शब्द देताना मी नेहमी सोफ्यावर असतो.)

सीताबर्डीच्या दुकानदाराने विचारलं, आईच्या तळपायाची कमान कशी आहे? मी चाट पडलो. ज्या पायांवर दर दिवाळीला डोकं ठेवलं, ते खालून कसे आहेत हे मला ठाऊकच नव्हतं! त्यानेच उपाय सांगितला. ओल्या पायांनी चालवायचं आणि ठसा बघायचा.

पण एप्रिलातल्या नागपुरात ओला ठसा टिकणार किती? मी पट्टी आणेपर्यंत तो वाळून जायचा. म्हणून मी परातीतल्या पाण्यात कुंकू कालवलं, आणि संध्याकाळी, पाय पुरेसे मोठे झाल्यावर, आईला दारापासून आतपर्यंत चालवलं. ठसे असे सुरेख उमटले की मी फरशीवर पालथा पडून मोजत सुटलो.

तेवढ्यात शेजारच्या धाबेकाकू विरजण मागायला आल्या. उंबऱ्यापासून आत गेलेली लाल पावलं त्यांनी पाहिली आणि सुनीताला म्हणाल्या, "सून आणली काय वं? आम्हाले सांगितलं बी नाही."

आमचा मुलगा नववीत आहे. हे सुनीताने देवाशपथ सांगितलं, तरी तासाभरात गल्लीतल्या तिघीजणी खण-नारळ घेऊन नव्या सुनेचं तोंड पाहायला हजर! मी त्यांना तळपायाची कमान समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि सुनीताला बाजूला नेऊन माझ्या तब्येतीची चौकशी केली. फरशीचा रंग अजून गेलेला नाही.

पण बूट मिळाले. आईने ते घरात घातले, अंगणात घातले, पचमढीपर्यंत पायांतून काढले नाहीत. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या भरात माझ्यासाठीही एक नवा जोड घेऊन टाकला (न मोजता).

चौरागडाच्या पहिल्या पायरीशी आई वाकली आणि बूट काढून तिने माझ्या हातात दिले.

"हे काय, आई?"

"देवाच्या पायऱ्या आहेत. जोडे घालून कोनी चढते काय रे?"

"मग इतके दिवस काहून नाही सांगितलं?"

"तू इचारलं काय मले? तू त नुसते पाय मोजून राहिला होता."

आणि सुनीताचा हात धरून ती अनवाणी चालू लागली. एकदाही घसरली नाही. मी मात्र बूट घालूनच निघालो आणि अर्ध्या वाटेवरच बसलो, कारण नव्या बुटांनी माझ्या दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या. माझे बूट काढून शेजारी ठेवले, आईचे त्यांच्या बाजूला नीट लावले आणि वाट बघत राहिलो. जाता-जाता एका भाविकाने विचारलं, "भैया, जूते यहीं रखते हैं क्या?" माझ्या उत्तराची वाट न बघता त्याने आपले ठेवलेसुद्धा.

आई दर्शन घेऊन, हसत, प्रसाद घेऊन उतरली, तोवर माझ्या ताब्यात अकरा जोड जमले होते.